धुळवड आणि घरातील मांजर

धुळवडीच्या सकाळी मुले पिचकाऱ्या घेऊन खाली उतरतात आणि मांजर पलंगाखाली दडते. त्याचे ते दडणे शहाणपणाचेच असते. मांजर आपले अंग जिभेने चाटून स्वच्छ करते. त्यामुळे केसांवर बसलेला रंग थोड्याच वेळात त्याच्या पोटात जातो. पुड्यावर ‘नैसर्गिक’ असे छापलेले असले तरी हे टळत नाही. कोरडा रंग पडलाच तर मऊ फडक्याने झाडावा, उरलेला कोमट पाण्याने धुवावा. रॉकेल किंवा टर्पेंटाइन कदापि लावू नये.

होळी पेटण्यापूर्वीच, आदल्या सायंकाळी, आतल्या खोलीत त्याची सोय करावी. अन्न, पाणी, मलमूत्रासाठी वाळूचे पसरट भांडे ठेवावे आणि खिडकी लावून घ्यावी. जैन स्वयंपाकघरात कांदा-लसूण नसतो, हे मांजराच्या पथ्यावरच पडते, कारण दोन्ही त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. शेजाऱ्यांकडून आलेल्या भज्यांवर मात्र लक्ष असावे.

करमणुकीस खर्च नको. दुकानात माल आलेला पुठ्ठ्याचा खोका, त्याला दोन भोके आणि आत चुरगळलेला कागद, एवढ्यावर मांजर बराच वेळ रमते. खोक्याची सुतळी तेवढी आधी काढून टाकावी. गिळलेला दोरा आतड्यात अडकून ते कापू शकतो आणि मग बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. दोऱ्याचे टोक तोंडातून वा गुदद्वारातून बाहेर दिसले तरी ओढू नये. तत्काळ पशुवैद्य गाठावा.

मुलांनी त्या खोलीत जायचे ते स्नान आटोपून, कपडे बदलूनच.