चोर शिरला, तरी घर वाचावे

वेब सर्व्हर म्हणजे संगणकाचा सदैव उघडा असलेला दरवाजा. जगातील कोणालाही त्यावर थाप मारता यावी, यासाठीच तो असतो. साहजिकच त्याच्या आज्ञावलीत एखादी त्रुटी राहिली, की ती हेरणारा थेट घरात पोहोचतो. सप्टेंबर २००२ मध्ये ‘स्लॅपर’ या वर्मने हेच दाखवून दिले. लिनक्सवरील अपॅची सर्व्हर ज्या ‘ओपन-एसएसएल’वर विसंबून होते, त्यातील त्रुटीतून तो आत शिरे, आपला मूळ कोड तात्पुरत्या फायलींच्या डिरेक्टरीत उतरवी आणि त्याच संगणकावरील कंपायलर वापरून स्वतःची घडण पूर्ण करी. दुरुस्ती जुलैअखेरीसच उपलब्ध झाली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

घरातील हत्यारे चोराच्या हाती लागूच नयेत, याची सोय मात्र फार जुनी आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘चेंज रूट’ ही सुविधा आली. तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमला ठरावीक डिरेक्टरी हेच संपूर्ण जग वाटू लागते. तिच्याबाहेरच्या फायली त्याला दिसत नाहीत. त्या कोठडीत संकेतस्थळाची पाने आणि अत्यावश्यक लायब्ररी एवढेच ठेवले, शेल आणि कंपायलर बाहेर राहिले, तर ‘स्लॅपर’सारख्याचे हात तेथेच बांधले जातात. नोव्हेंबर २००२ मध्ये आलेल्या ‘ओपन-बीएसडी’ ३.२ ने अपॅचीला मुळातच अशा कोठडीत बसवले.

मग हा उपाय सार्वत्रिक का झाला नाही? कारण गैरसोय. डेटाबेसशी बोलायचे, ई-मेल पाठवायची, तर त्यासाठी लागणारी प्रत्येक फाइल कोठडीत न्यावी लागते आणि मूळ प्रत बदलली की आतली प्रतही बदलावी लागते. कंटाळलेला व्यवस्थापक एकेक खिडकी उघडत जातो, आणि अखेरीस भिंत नावापुरतीच उरते.

शिवाय ही भिंत अभेद्य नाही. ‘रूट’चे अधिकार हाती असलेला प्रोग्रॅम ‘चेंज रूट’मधून निसटू शकतो, नेटवर्कवर तर तिचे नियंत्रणच नसते. म्हणूनच २००० मध्ये ‘फ्री-बीएसडी’ने ‘जेल’ आणले आणि २०१३ मध्ये ‘डॉकर’ने कंटेनर घरोघरी पोहोचवले. तरीही २०१९ मध्ये ‘रन-सी’तील त्रुटीने कंटेनरमधून थेट यजमान संगणकाचा ताबा मिळवण्याची वाट उघडी असल्याचे दिसलेच.

अमेरिकेतील इक्विफॅक्सच्या २०१७ मधील प्रकरणाचा धडा याहून कठोर आहे. हल्लेखोर एका वेब पोर्टलमधून शिरले. परंतु आत उघड्यावर ठेवलेल्या पासवर्डमुळे इतर डेटाबेसपर्यंत पोहोचले. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती त्यात बाहेर गेली. कोठडी बांधून तिच्यातच तिजोरीच्या किल्ल्या टांगल्या, तर भिंतीचा दोष काय?

घुसखोरी होणारच नाही, या भरवशावर सुरक्षितता उभी राहत नाही. ती झाल्यावर किती हानी होऊ द्यायची, हे मात्र आधीच ठरवता येते. कोठडीत काय ठेवायचे नाही, हा त्यातला पहिला प्रश्न.