ट्रकभर केळी, तीन गोण्या पोटॅश

रावेर-सावद्याहून केळीचा ट्रक दिल्लीला निघाला की आपण फक्त भाव विचारतो. त्या ट्रकमधून आपलं शेत किती गेलं, हे कुणी विचारत नाही. मी यावल तालुक्यातला, केळीवरच शिकलो, म्हणून हा हिशोब मांडतोय.

एक टन केळीत साधारण साडेतीन ते चार किलो पोटॅशियम असतं. २० टनांच्या ट्रकमध्ये ७०-८० किलो. म्युरिएट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत पोटॅशियम भरतं २५ किलोच्या आसपास. म्हणजे दर ट्रकमागे तीन गोण्या पोटॅश आपण जिल्ह्याबाहेर पाठवतो. ते दिल्लीकरांच्या पोटात जातं, तिथून गटारात, गटारातून यमुनेत. आपल्या शेतात ते परत येत नाही.

नत्राचं तसं नाही. ते हवेत आहे. मूग, उडीद, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते जमिनीत आणतात. पोटॅश मात्र दगड झिजून मिळतं, तेही फार सावकाश. 'आपली काळी माती पोटॅशने श्रीमंत आहे' असं आपल्याला शिकवलं गेलं. श्रीमंत माणूससुद्धा नुसतं काढत राहिला तर खातं रिकामं होतं. मग गोणी आणायची, आणि ती येते कॅनडा, रशिया, बेलारूसहून. २०२२ मध्ये गोणी १,७०० रुपयांवर गेली. ती झळ आपल्या बागांना बसली.

फळ विकायचंच आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते मागे जे उरतं त्याचं आपण काय करतो, यावर. घड उतरवल्यावर खोडा-पानांत घडाइतकंच, कित्येकदा जास्त पोटॅश शिल्लक असतं. ते आपण ओढून बांधावर, नाल्यात, रस्त्याकडेला टाकतो आणि त्याला कचरा म्हणतो. मग दुकानात जाऊन तेच पोटॅश उधारीवर आणतो.

धुळे जिल्ह्यात, शिरपूर-शिंदखेड्याकडे, हेच पऱ्हाटीचं. कापसाचा धागा जवळजवळ सगळा हवा आणि पाण्यापासून बनतो. रुईची गाठ विकून मातीचं फारसं काही जात नाही. जातं ते सरकीत, आणि उरतं ते पऱ्हाटीत. ती पेटवली की नत्र आणि गंधक धुरात जातात. पोटॅश राखेत उरतं, पण ढीग जिथे पेटवला तिथेच. पहिल्या जोरदार पावसात तेही वाहून जातं.

'पऱ्हाटीत बोंडअळी राहते', 'खोडातून रोग पसरतो', 'मजूर कुठे आहेत?' हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. व्हायरस लागलेलं झाड उपटून नष्टच करायला हवं. पण म्हणून निरोगी बागही नाल्यात का? पऱ्हाटी बारीक करून नीट तापणाऱ्या कंपोस्टच्या ढिगात घातली तर अळी मरते आणि खत उरतं. मजुरांचं म्हणाल, तर ट्रॅक्टरवर चालणारं श्रेडर गावात मिळून घेता येतं. डीजेसाठी वर्गणी जमते, यासाठी का जमू नये?

साक्रीकडच्या ठेलारींच्या मेंढ्या शेतात बसवण्यासाठी शेतकरी धान्य-पैसे मोजत आले. माळावरचं गवत लेंडीच्या रूपाने शेतात येतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आपण कृषी पदवीधर झालो आणि लेंडीऐवजी बिल मोजायला लागलो.

सरकारही त्यात सामील आहे. परदेशातून आलेल्या पोटॅशच्या गोणीवर अनुदान आहे. तेच पोटॅश खोडातून परत घालणाऱ्याला त्यातला रुपयाही मिळत नाही. निवडणुकीत केळीच्या भावावर, पीकविम्यावर भाषणं होतात. व्हायलाच हवीत. पण मातीतून गेलेल्या मालाची भरपाई कोण करणार, हा प्रश्न एकाही सभेत ऐकू येत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-नाशिकला आहात, शेत बापाच्या नावावर आहे आणि खताची ऑर्डर तुमच्या फोनवरून जाते. मग पुढची ऑर्डर देण्याआधी घरी एक फोन करा: घड उतरले, खोडं कुठे टाकली? उत्तर 'नाल्यात' असेल, तर आधी ती ऑर्डर थांबवा आणि श्रेडरची चौकशी करा.