आधी वाक्य, मग यंत्र

‘संगणकाची भाषा इंग्रजी, सबब मुलाची शाळाही इंग्रजी’ हे सूत्र आमच्या सीमाभागातल्या सुशिक्षित मराठी घरांत असे काही रुजले आहे की, त्याविरुद्ध बोलणारा मुख्याध्यापक मागासलेला ठरतो. दर जूनमध्ये दाखला न्यायला आलेले पालक मला हेच ऐकवतात. कानडी शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांचीही हीच कहाणी आहे. तेव्हा हा मराठी-कानडी वाद नव्हे, हे आधीच सांगतो.

या पालकांनी एड्स्गर डाइक्स्ट्रा यांचे म्हणणे ऐकावे. जन्माने डच, १९७२ च्या ट्युरिंग पारितोषिकाचे मानकरी, आणि १९८४ ते १९९९ टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी १९७५ साली लिहून ठेवले आहे की, उत्तम प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापाशी गणिती वृत्तीखेरीज मातृभाषेवर असामान्य प्रभुत्व हवे. मातृभाषेवर! आणि हे लिहिणारा माणूस स्वतः उत्तम इंग्रजी लिहीत होता.

१९८८ मध्ये त्यांनी याहून कडू औषध सुचवले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅम शिकवावा, पण तो चालवून पाहण्याची सोय विद्यापीठात ठेवूच नये! तो बरोबर आहे हे त्याने कागदावर सिद्ध करावे.

वेडेपणा वाटतो? नववीच्या वर्गात विचारून पाहा : दिलेल्या संख्यांतली सर्वांत मोठी कशी शोधाल? हुशार मुलगा सांगतो, ‘उत्तर शून्य धरायचे, पुढे मोठी संख्या भेटली की बदलायचे.’ परीक्षेच्या गुणांवर चालवा, दहादा बरोबर येईल. आता लेहच्या जानेवारीतल्या रात्रींचे तापमान घाला, समजा उणे सात, उणे बारा, उणे नऊ. उत्तर शून्य! यादीत शून्य नाहीच. याच मुलाला आधी एक वाक्य लिहायला लावा : ‘हातातली संख्या ही आतापर्यंत पाहिलेल्यांत सर्वांत मोठी आहे.’ हे वाक्य प्रत्येक पायरीला खरे हवे. मग त्याला आपोआप दिसते की शून्य आपण पाहिलेलेच नाही, सुरुवात पहिल्या संख्येपासून करायला हवी. चूक यंत्राने दाखवली नाही, वाक्याने दाखवली. असे वाक्य मूल ज्या भाषेत विचार करते, त्याच भाषेत सुचते.

डाइक्स्ट्रांची यंत्रबंदी मला सर्वस्वी मान्य नाही. १९८९ साली तो लेख छापला गेला तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यावर कडाडून टीका केली होती. ज्या मुलाच्या घरी यंत्र नाही, त्याला शाळेतही ते नाकारणे हा अन्याय आहे. आमच्याकडे मात्र कित्येक शाळांत ही बंदी न वाचताच अमलात आहे : संगणकाची खोली कुलूपबंद, किल्ली कारकुनापाशी, आणि फळ्यावरचा प्रोग्रॅम मुले वहीत उतरवून पाठ करतात. म्हणजे यंत्रही नाही आणि विचारही नाही. याला संगणकशिक्षण म्हणायचे, आणि त्याची फी घ्यायची!

येत्या जूनमध्ये दाखल्याच्या अर्जासोबत मी एक कोरा कागद देणार आहे. दहा संख्यांतली सर्वांत मोठी कशी शोधायची, ते मुलाने पाच वाक्यांत लिहावे, मराठीत, कानडीत वा इंग्रजीत. ज्या भाषेत ते नेमके उतरेल, त्या भाषेच्या शाळेत त्याने खुशाल जावे. दाखल्यावर मी त्याच दिवशी सही करीन.