व्यायामाची कजा एका दिवसात फेडू नका

आज पंचविसावा रोजा. सहेरीनंतर फजरची नमाज पढून बाहेर आलो तर शेजारचे निवृत्त मास्तर बूट घालून फाटकाशी उभे. आमची फिरायची जोडी जुनी. रमजानमध्ये मात्र ते एकटेच कृष्णा घाटाच्या रस्त्याला लागतात. "ईद झाली की दुसऱ्या दिवशी या, सगळं वसूल करू," ते हसत म्हणाले. मीही हसलो, पण हात आपोआप डाव्या पोटरीकडे गेला.

दोन वर्षांपूर्वी मी असंच 'वसूल' करायला गेलो होतो. महिनाभर चालणं बंद होतं. ईदच्या तिसऱ्या दिवशी, पोटात दोन वाट्या शिरखुर्मा असताना, थेट घाटापर्यंतचा जुना पल्ला गाठला. परतताना पोरं धावत होती, त्यांच्याबरोबर मीही धावलो. मागून कुणीतरी दगड मारल्यासारखी पोटरीत कळ आली. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. स्नायू फाटला होता. तीस रात्री तरावीहच्या वीस-वीस रकाती उभ्यानं पढलेला माणूस पुढचे दोन महिने मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढत होता. पायाच्या दुखण्यापेक्षा मला त्या खुर्चीचा सल जास्त होता.

आमच्याकडे कजा नावाची एक सोय आहे. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे रोजा सुटला तर तो नंतर ठेवता येतो, आणि सुटलेले रोजे सलग ठेवलेच पाहिजेत असंही नाही. दोन या महिन्यात, एक पुढच्या महिन्यात असं चालतं. मग व्यायामाची कजा मात्र एका सकाळी फेडायचा हट्ट कशाला? नेमानं केलेलं थोडंसं काम अल्लाहला अधिक आवडतं, या अर्थाची हदीस आम्ही मुलांना सांगतो आणि स्वतः फिरायला जाताना विसरतो.

खंड फक्त रोजांमुळेच पडतो असं नाही. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, चिकुनगुनिया, दिवाळीचा फराळ, कारणं घरोघरी सापडतात. दोन-तीन आठवडे चालणं थांबलं की आधी दम कमी होतो, ताकद त्यामानाने टिकून राहते. पुन्हा सुरुवात केली की दम लवकर परततो आणि माणसाला वाटतं, झालो तयार. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश घट्ट होतात. फसगत होते ती इथेच. छाती हो म्हणते तेव्हा टाच अजून तयार नसते.

हे आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांना कुणी शिकवलं नव्हतं. सुगीला किंवा परीक्षेला गेलेला पोरगा परत आला की ते त्याला लगेच जोडीला लावत नसत. पहिले काही दिवस हातात फावडं. आखाड्याची लाल माती उकरायची, मोजक्या बैठका मारायच्या आणि कडेला बसून इतरांची कुस्ती बघायची. पोरं चडफडत. मीही चडफडलो होतो. आता ईदच्या तोंडावर 'तीस दिवसांत पोट सपाट'च्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागल्या की ते फावडं आठवतं.

एक गोष्ट पुरुषांनी कबूल करायला हवी. 'रमजानमध्ये हालचाल कमी झाली' हे आपलं रडगाणं. घरातली बाई पहाटे तीनला उठून सहेरी रांधते, दुपारपासून इफ्तारीला लागते आणि रोजाही धरते. ती बसून नसते, ती थकलेली असते. ईदनंतर तिला आधी हवी असते झोप, व्यायाम मागाहून. तिला पहाटे फिरायला ओढून नेण्याआधी चार दिवस सकाळचा चहा आपण करावा.

मी यंदा ठरवलंय ते असं. पहिला आठवडा जुन्या वेळेच्या निम्मा, तोही सपाट रस्त्यावर. चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटू लागलं की वेग कमी. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही तरच पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं जास्त. धावण्याचं नाव महिनाभर नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा रमजानमध्ये बदललेल्या असतील, तर त्या परत कशा आणायच्या हे डॉक्टरांना विचारूनच बाहेर पडावं. आणि छातीत दाटल्यासारखं झालं तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा, 'घरापर्यंत चालू' म्हणू नये.

मास्तरांना मी हे सगळं फाटकाशीच सांगितलं. त्यांनी थोडी कुरकुर केली, मग तोडगा निघाला. पहिला आठवडा आम्ही कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंतच जाणार आणि वळणार. शिरखुर्म्याचा डबा मी आणायचा. तो मात्र परत आल्यावरच उघडायचा.