पोस्त आणि बारावा हिस्सा

वसुबारस जवळ आली की मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये दाराची बेल जास्त वाजू लागते. "ताई, दिवाळी..." एवढंच बोलून समोरचा थांबतो. पुढचं वाक्य बोलायची गरज नसते. कचरा नेणारा असतो, सिलिंडर आणणारा असतो, टपालवाला, वॉचमन, जिना झाडणारी. या मागण्याला मराठीत जुना शब्द आहे, पोस्त. आणि या शब्दावरून दरवर्षी घराघरात तोच वाद होतो. कुणी म्हणतं, ही सरळ वसुली आहे. महिन्याचा पगार घेऊन वर हात कशाला पसरायचा? कुणी म्हणतं, वर्षाचा सण आहे, गरिबाला नाही म्हणू नये. आणि मिठाईचा पुडा हातावर ठेवून दार लावून घेतं. वरवर ही दोन टोकं वाटतात, पण दोघांचीही समजूत एकच आहे की पोस्त म्हणजे दान. पहिल्याला ते द्यायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं आहे, इतकाच फरक. मूळ समजूतच चुकीची असल्यामुळे दोघांकडूनही अन्याय होतो.

"पगार मिळतो ना?" हा आक्षेप आधी घेऊ, कारण काही जणांच्या बाबतीत तो रास्त आहे. टपाल खात्यातल्या माणसाला दसऱ्याच्या सुमारास उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळतो. सिलिंडर घरपोच आणण्याचा खर्च सिलिंडरच्या दरात धरलेला असतो. मुंबई महापालिकेच्या कायम कर्मचाऱ्यांना 2025 च्या दिवाळीत 31,000 रुपये मिळाले. कागदोपत्री त्याचं नाव 'सानुग्रह अनुदान'. या मंडळींना दारात कुणी दोन शब्द गोड बोलून नुसता फराळ दिला, तर त्यात काही बिघडत नाही. त्यांचा मालक वेगळा आहे आणि त्यानं आपला वाटा उचलला आहे.

पण कचऱ्याच्या गाडीमागे चालणारे सगळे कायम नसतात. तोच रस्ता, तोच वास, तेच बारा महिन्यांचं काम; एकाच्या खात्यात दिवाळीआधी रक्कम जमा होते आणि शेजारी चालणारा कंत्राटी कामगार रिकाम्या हातानं घरी जातो. मुंबईतल्या अशा 2,700 सफाई कामगारांना कायम करावं, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून यायला एप्रिल 2017 उजाडला. त्याआधी कचरा वाहतूक श्रमिक संघाला औद्योगिक न्यायाधिकरणापासून वरपर्यंत भांडावं लागलं. तेव्हा दारात उभ्या माणसाला "तुला पगार मिळतो ना?" असं विचारण्याआधी त्याला पगार कोण देतं आणि त्या पगाराबरोबर बोनस येतो का, हे विचारायला हवं.

बोनसही एकेकाळी मालकाच्या मर्जीची बक्षिसीच मानली जात होती. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या कापडगिरण्या भरघोस नफ्यात आल्या, महागाई भडकली आणि 1917 मध्ये गिरणीमालकांनी पगारावर दहा टक्के युद्धकालीन बोनस दिला. पुढच्या वर्षी तो पंधरा टक्के झाला. वर्षामागून वर्षं मिळत गेलेली ही रक्कम कामगारांनी घरखर्चात धरली. गावाकडच्या मनिऑर्डरीत धरली. नंतर नफा घटला म्हणून मालकांनी हात आखडता घेतला आणि 1924 च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती मॅकलाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. रिवाज, कायदा किंवा न्याय यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांना बोनसवर हक्क सांगता येणार नाही, असा तिचा निष्कर्ष. मालक खूश असेल तर देईल, नसेल तर नाही. आजच्या सोसायटीच्या सभेत "ऐच्छिक आहे, ज्याला वाटेल त्यानं द्यावं" असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा तो नकळत 1924 चाच निकाल पुन्हा वाचत असतो.

तो निकाल टिकला नाही. 1950 मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणानं मुंबईच्याच गिरण्यांच्या खटल्यात बोनसचं सूत्र घालून दिलं, 1961 मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि 1965 मध्ये कायदा झाला. किमान बोनस सुरुवातीला चार टक्के होता, 1972 मध्ये 8.33 टक्के झाला. आणीबाणीत पुन्हा चारवर आणला गेला आणि 1977 मध्ये परत 8.33 वर आला. 2019 च्या वेतन संहितेतही हाच आकडा आहे. हा विचित्र आकडा आला कुठून? शंभराला बारानं भागून पाहावं. 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, म्हणजे नेमका एका महिन्याचा पगार. आणि आस्थापनेला तोटा झाला तरी तो द्यावा लागतो.

आता घरकामाच्या बाईंकडे वळू. केर-फरशी, धुणंभांडी, पोळ्या, म्हाताऱ्या आजींना आंघोळ घालणं. 1965 चा कायदा कारखान्यांना आणि वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत तो कधी पोहोचला नाही. महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो कल्याणाच्या योजनांसाठी. 2021 च्या टाळेबंदीत नोंदणी झालेल्या बायकांना सरकारनं दीड हजार रुपये जाहीर केले, पण नोंदणीच नसलेल्या असंख्य जणी त्यातून बाहेर राहिल्या. घरकामाला प्रतिष्ठित रोजगार मानणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 189 क्रमांकाचा करार 2011 चा; भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही.

तरीही कायदा नसताना एक रीत पडलीच. मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत वर्ष भरलेल्या बाईंना दिवाळीला एक महिन्याचा पगार वर देतात. सरकारला जो आकडा गाठायला गिरणगावाच्या संपांपासून अर्धशतक लागलं, तोच बारावा हिस्सा या घरांनी कुणी न सांगता पाळला. मराठी मध्यमवर्गाच्या चांगुलपणाची ही खरी खूण आहे आणि तिचं कौतुक मोकळेपणानं करायला हवं. कारण ही रीत जिथे आहे तिथे बाई मागत नाहीत. त्या हिशेब धरतात. मुलीची फी, गावी जायची एसटी, गळक्या पत्र्यावरचं काम, सगळं त्या महिन्यावर टाकलेलं असतं.

दुर्दैवानं हीच रीत कुरतडली जाते, आणि तीही छोट्या छोट्या गोष्टींनी. महिन्याऐवजी अर्धा महिना. वर्षातले खाडे मोजून बोनसमधून कापणं. सगळ्यात वाईट म्हणजे उचल. धनत्रयोदशीला पाच हजार हातावर ठेवायचे, "दिवाळीला दिले" असं चारचौघांत सांगायचं आणि पुढच्या पाच महिन्यांत हजार-हजार कापून घ्यायचे. हे कर्ज आहे. त्याला बोनस म्हणणं खोटं आहे. बाईच्या अंगावर पैसे राहतात आणि ती घर सोडू शकत नाही, हा त्याचा खरा उपयोग.

मग वस्तू. एक नेहमीचं दृश्य जवळून पाहावं. भाऊबीज होऊन आठवडा लोटलेला. ओट्यावर स्टीलचा डबा, त्यात तळाशी उरलेला चिवडा, सादळून मऊ पडलेला. वर मोडक्या चकल्या, कडेला दोन शंकरपाळे. "मावशी, हे घेऊन जा हो मुलांना." सोबत पिशवीत नेसून विटलेली साडी, फॉल एका बाजूनं सुटलेला. मावशी डबा पिशवीत ठेवतात, साडी उलगडून बघत नाहीत. त्या चार घरी कामाला असतील, तर असे चार डबे घरी जातात. चार घरांनी दीड-दीड हजारांचा महिनाभराचा पगार दिला असता तर सहा हजार रोख गेले असते. फराळ प्रेमानं द्यावा, जरूर द्यावा, पण घरच्यांच्या ताटात वाढतो तेव्हाच, त्याच कढईतला.

हा मुद्दा केवळ चवीचा नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात बलुतं हा हक्क होता, पण त्याच गाड्यात काही माणसांच्या वाट्याला सणाला दारोदार मागून आणलेलं शिळंपाकं येत होतं आणि त्यालाही 'रीत'च म्हणत. मार्च 1927 च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी फेकलेलं उष्टं-शिळं घेणं सोडून द्या असं निक्षून सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या जोखडाविरुद्ध विधेयक मांडलं. सणाच्या देण्यातून माणूस बांधला जातो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. ज्या समाजाला हा इतिहास आहे, त्यात कामगाराला उरलेलं देणं कधीच निरागस नसतं.

"पण आम्ही काही कंपनी नाही, आम्हाला कुठे नफा होतो?" हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला मनापासून उत्तर द्यायला हवं. घरातली दोन माणसं सकाळी आठच्या लोकलला निघू शकतात, कारण साडेसातला कुणीतरी भांड्यांना हात घातलेला असतो. त्या दोन पगारांमध्ये तिसऱ्या बाईचे तास मिसळलेले आहेत. आणि त्या दोघांना त्यांच्या ऑफिसात दिवाळीला जे मिळतं, ते मालकाचं दान म्हणून ते कधी घेतील का?

काहींना वाटतं, यापेक्षा चांगल्या कामाला टिप द्यावी. काम बघून पैसे. हॉटेलात वेटरला खुशीनं काही ठेवणं छानच. पण टिप वेतनाची जागा घेऊ लागली की काय होतं, हे अमेरिकेत दिसतं. तिथे टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचं रोख किमान वेतन संघराज्याच्या कायद्यात 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर थिजलेलं आहे. बाकीचं गिऱ्हाइकाच्या मूडवर. आपल्याकडेही ही वाट सुरू झाली आहे. गाडी येण्याआधीच टिप मागणाऱ्या कॅब-ॲपवर मे 2025 मध्ये ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी उघड टीका केली, ती योग्यच होती. त्या चालकाला प्रत्येक फेरीचा रास्त दर मिळाला तर ही आगाऊ बोली लागणारच नाही.

राहिले वॉचमन. त्यांच्यासाठी सोसायटीत वर्गणीची यादी फिरते. फ्लॅट नंबर, रक्कम, सही. तिसऱ्या मजल्यानं पाचशे दिले, पाचव्यानं शंभर, हे वॉचमनही वाचतो आणि त्यानंतर वर्षभर कुणाला किती वाकून सलाम करायचा हेही त्याला ठरवावं लागतं. बारा-बारा तास फाटकाशी उभ्या राहणाऱ्या माणसावर ही वेळ आणू नये. एजन्सीच्या मासिक बिलात बऱ्याचदा बोनसची रक्कम धरलेली असते. सोसायटी ती भरते. ती त्याच्या खात्यात गेली का, एवढं विचारायचं कामही समिती करत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. दिवाळी त्यानंतर येते. लिफ्टची देखभाल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गणपतीचा मांडव यांच्या ओळी अंदाजपत्रकात असतातच. त्यांच्याखाली आणखी एक ओळ घालता येईल: सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार, दिवाळी बोनस, एक महिन्याचा पगार, वसुबारसेआधी खात्यात जमा. एजन्सीकडून तो मिळत असेल तर बँकेत भरल्याची पावती समितीनं मागवावी. मिळत नसेल तर रक्कम फ्लॅटवार वाटून देखभाल खर्चात धरावी. पन्नास फ्लॅटच्या इमारतीत चार माणसांचा एक महिन्याचा पगार म्हणजे दर घरामागे किती, हा हिशेब सचिवांनी सभेतच फळ्यावर मांडून दाखवावा, आणि मग हात वर करायला सांगावं.