कंत्राटातला वाटा मोजायचा कसा?
व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती. पण १९७८ ते १९८३ या काळात शहराच्या बांधकामाच्या मुख्य कंत्राटांपैकी अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळाली ती अवघी ०.६७ टक्के. म्हणून १९८३ मध्ये नगर परिषदेने नियम केला, की मुख्य ठेकेदाराने रकमेतला किमान ३० टक्के हिस्सा अशा कंपन्यांना उपकंत्राट म्हणून द्यावा. तुरुंगातल्या स्वच्छतागृहांच्या कामावरून क्रोसन ही कंपनी कोर्टात गेली आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. तुलना लोकसंख्येशी नको, ते काम करू शकणाऱ्या कंपन्यांशी हवी, असं न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी बजावलं. तेव्हापासून अमेरिकी शहरं रीतसर अभ्यास करून घेऊ लागली: बाजारात स्त्रियांच्या आणि अल्पसंख्याकांच्या मालकीच्या सक्षम कंपन्या किती, आणि त्यांच्याकडे प्रत्यक्षात पैसा किती गेला? अपेक्षित शंभर डॉलरमागे ऐंशीही पोचले नसतील, तर तफावत गंभीर मानली जाते. हिशेब हवाच, पण त्यात एक मोठी गोम आहे. जिला बँकेने कर्जच दिलं नाही, हमीपत्राअभावी जिला निविदा भरता आली नाही, त्या उद्योजिकेची कंपनी ‘सक्षम’ यादीत येतच नाही. अन्याय जितका जुना आणि खोल, तितकी तफावत कागदावर कमी दिसते! म्हणून नुसते आकडे पुरत नाहीत. बिलं किती महिने रखडली, मोठं काम लहान तुकड्यांत देता आलं असतं का, हे उद्योजकांनाच विचारायला हवं. यादीबाहेर राहिलेल्यांची गणती न करणारा अभ्यास अपुराच समजावा.