अवघड सुडोकू: अंक कुठे नाही, ते आधी पाहा

२०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात, ऐन दिवाळीच्या दिवसांत, बंगळुरूमध्ये एक आगळी स्पर्धा भरली होती. देशोदेशींचे स्पर्धक समोर कागद, हातात पेन्सिल आणि शेजारी खोडरबर घेऊन बसले होते. सुडोकूची ही बारावी जागतिक स्पर्धा. वैयक्तिक विजेतेपद जपानच्या कोता मोरिनिशी याने पटकावले. त्याआधी २००८ मध्ये हीच स्पर्धा गोव्यात झाली होती आणि तेथे अमेरिकेचा थॉमस स्नायडर जिंकला होता. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातले, चहाबरोबर सोडवायचे कोडे एवढ्या मानाला चढले, याचे अनेकांना नवल वाटते.

अशा स्पर्धांत बसणारे सगळे गणिताचे पंडित असावेत, असे घरोघरी समजले जाते. तसे काही नाही. २००६ मध्ये इटलीतील लुक्का या गावी झालेली पहिली जागतिक स्पर्धा चेक प्रजासत्ताकाच्या याना तिलोवा यांनी जिंकली. त्या व्यवसायाने हिशेबनीस होत्या आणि वय होते ३१ वर्षे. बंगळुरू आणि आकडे म्हटले की शकुंतलादेवी आठवतात. याच शहरात जन्मलेल्या या बाईंनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपिरियल कॉलेजात १३ आकडी दोन संख्यांचा गुणाकार मनातल्या मनात २८ सेकंदांत केला होता. पण ज्यांना तो गुणाकार २८ मिनिटांतही जमणार नाही, त्यांनी सुडोकूला भिण्याचे कारण नाही. येथे साधी बेरीजही करावी लागत नाही. १ ते ९ अंकांऐवजी नऊ भाज्यांची नावे लिहिली तरी कोडे तेच राहील. लागते ती वाणसामानाच्या यादीवर एकेक खूण करत जाण्याची चिकाटी.

कोड्याचा जन्मही जपानचा नव्हे. १९७९ मध्ये अमेरिकेतील डेल कंपनीच्या मासिकात ते ‘नंबर प्लेस’ नावाने आले. हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त वास्तुशिल्पकाने ते रचले, असे मानले जाते. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशनाने ते उचलले आणि त्याला सुडोकू हे नाव मिळाले. नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने ते छापायला सुरुवात केली आणि वर्षभरात त्याचे वेड जगभर पसरले. बिचारे गार्न्स १९८९ मध्येच वारले होते. आपण काय करून ठेवले, हे त्यांना कधी कळलेच नाही.

नियम आता बहुतेकांना पाठ आहेत. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या प्रत्येक लहान चौकोनात १ ते ९ हे अंक एकेकदाच यावेत. सोपे कोडे नुसत्या नजरेने सुटते. अवघड कोडे मात्र दहा-बारा घरे भरली की अडून बसते. मग काय होते? एखाद्या घरात ३ किंवा ८ येणार एवढे कळलेले असते. सोडवणारा वैतागून पेनने ३ ठोकून देतो आणि पुढे जातो. वीस घरे भरून झाल्यावर एकाच ओळीत दोन ६ दिसतात. चूक कुठे झाली याचा माग लागत नाही, कागद गिरगटून जातो आणि ‘आपले डोके आता चालत नाही’ असे म्हणत कोडे कायमचे बाजूला पडते. खरे तर डोक्याचा यात काही दोष नसतो. प्रश्नच उलटा विचारलेला असतो. अवघड सुडोकूत अंक कुठे येईल हे शोधत बसायचे नसते, तो कुठे येऊच शकत नाही ते शोधायचे असते.

त्यासाठी पेन ठेवून पेन्सिल घ्यावी. प्रत्येक रिकाम्या घरात जे अंक येऊ शकतात ते बारीक अक्षरात लिहावेत. यांना उमेदवार म्हणू. निवडणुकीसारखेच हे. जागा एक आणि उभे राहिलेले चार. आपले काम जिंकणारा निवडण्याचे नाही, एकेकाची अनामत जप्त करण्याचे आहे. शेवटी जो उरेल तो आपोआप निवडून येतो. सर्व उमेदवार लिहायला दहा मिनिटे जातात आणि ती अनेकांना फुकट गेल्यासारखी वाटतात. अवघड कोड्यात तीच दहा मिनिटे सर्वांत मोलाची असतात.

पहिली युक्ती लहान चौकोनाची. समजा, डावीकडच्या वरच्या चौकोनात ७ हा अंक फक्त दोन घरांत येऊ शकतो आणि ती दोन्ही घरे दुसऱ्या आडव्या ओळीत आहेत. यांपैकी कोणत्या घरात ७ येणार ते ठाऊक नाही. नसू दे. पण दुसऱ्या ओळीचा ७ या चौकोनातच जाणार, एवढे नक्की झाले. तेव्हा त्या ओळीतल्या बाकीच्या सहा घरांतून ७ खोडून टाकावा.

दुसरी युक्ती जोडीची. एका ओळीत पाच घरे रिकामी आहेत आणि २, ४, ६, ८, ९ हे अंक यायचे आहेत. पहिल्या घरात २ आणि ६, दुसऱ्यातही २ आणि ६, तिसऱ्यात २ आणि ९, चौथ्यात ४, ८, ९ आणि पाचव्यात ४, ६, ८, ९ असे उमेदवार आहेत. वरवर पाहता एकही घर पक्के नाही. पण पहिली दोन घरे पाहा. २ आणि ६ या दोघांनी ती आपसात वाटून घेतली आहेत. कोण कुठे बसेल ते पुढे कळेल, पण तिसऱ्या कोणाला तेथे शिरकाव नाही आणि २ व ६ यांना बाहेर जागा नाही. म्हणून तिसऱ्या घरातला २ गेला आणि तेथे ९ पक्का झाला. चौथ्या घरातला ९ गेला, पाचव्यातले ६ आणि ९ गेले, आणि त्या दोन घरांत ४ व ८ यांची नवी जोडी उरली. एका खोडण्याने एवढे हलले. तीन घरांत मिळून तीनच अंक असतील तर त्रिकुटालाही हाच न्याय लागतो. मध्यम प्रतीची बरीच कोडी एवढ्यावर सुटतात.

तिसऱ्या युक्तीला जाणकार ‘एक्स-विंग’ म्हणतात. नाव भारी असले तरी गोष्ट साधी आहे. तिसऱ्या आडव्या ओळीत ५ हा अंक दुसऱ्या किंवा सातव्या घरातच येऊ शकतो. आठव्या आडव्या ओळीतही तसेच, दुसरे किंवा सातवे घर. आता तिसऱ्या ओळीत ५ दुसऱ्या घरात गेला, तर आठव्या ओळीत त्याला सातव्यातच जावे लागेल. उलट झाले तर उलट. काहीही झाले तरी दुसऱ्या आणि सातव्या या दोन उभ्या ओळींचे ५ या चार घरांतच संपले. त्या उभ्या ओळींतल्या इतर सर्व घरांतून ५ खोडावा. ही युक्ती नजरेत भरायला आठवडाभर सराव लागतो. उमेदवार लिहिलेले नसतील तर मात्र ती दिसतच नाही.

याच्या पुढची पायरी तीन घरांची. पाचव्या आडव्या ओळीच्या मधल्या घरात ३ आणि ८ आहेत. त्याच ओळीच्या दुसऱ्या घरात ३ आणि ५. मधल्या घराच्या सरळ खाली, नवव्या ओळीत, ८ आणि ५. मधल्या घरात ३ आला तर दुसऱ्या घरात ५ येतो. तेथे ८ आला तर खालच्या घरात ५ येतो. म्हणजे दोहोंपैकी एकीकडे तरी ५ येणारच. मग या दोन्ही घरांच्या कात्रीत सापडलेले नवव्या ओळीचे दुसरे घर पाहावे. तेथे ५ येणे शक्य नाही. त्याच ३ किंवा ८ च्या घरापाशी पेन चालवण्याचा मोह झाला होता. येथे पैज न लावता दोन्ही शक्यता मनातच चालवून पाहिल्या आणि दोन्हीकडून जे खरे ठरते तेवढेच घेतले.

जागतिक स्पर्धेत अंदाज कोणीच बांधत नाही, असे मात्र नाही. घड्याळाशी झुंजताना पट्टीचे खेळाडूही कधी एक पर्याय धरून पुढे जातात. पण कोणत्या घरापाशी फाटा फुटला याची खूण ते ठेवतात आणि फसले तर तेवढेच मागे येतात. घरी ज्याच्यापाशी अख्खी दुपार आहे, त्याला ही घाई कशाला?

दिलेले अंक कमी म्हणजे कोडे अवघड, हाही एक गैरसमज. नीट रचलेल्या सुडोकूचे उत्तर एकच असते आणि त्यासाठी निदान १७ अंक द्यावेच लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकावर दाखवून दिले. पण १७ अंकांची काही कोडी पटकन सुटतात आणि पंचवीस अंकांचे एखादे दोन दिवस छळते. काठिण्य असते ते कोणती युक्ती लागणार यात.

सुडोकूने म्हातारपणी विसराळूपणा टळतो, असेही सर्रास सांगितले जाते. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या १९ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. अंकांची कोडी वारंवार सोडवणाऱ्यांची स्मरण आणि तर्काच्या चाचण्यांतील कामगिरी सरस दिसली. परंतु कोड्यांमुळे डोके तल्लख राहिले की तल्लख डोक्याची माणसेच कोड्यांकडे वळली, हे अशा पाहणीवरून ठरत नाही. आजी-आजोबांच्या हाती औषध म्हणून कोडे देऊ नये. त्यांना गोडी असेल तर अवश्य द्यावे, आणि सोबत जाड छपाईचा कागद व चांगले खोडरबर द्यावे.

सगळ्या युक्त्या वापरूनही कोडे अडलेच, तर आधी उमेदवार पुन्हा तपासावेत. दहापैकी निम्म्या वेळा एखादा खोडायचा राहून गेलेला असतो. नंतर जो अंक चार-पाच ठिकाणी बसला आहे तो घ्यावा आणि उरलेल्या ओळींत त्याची घरे मोजावीत. कुठे दोन ओळींत दोनदोनच घरे, तीही एकमेकांखाली निघाली, तर खोडरबर हाती घ्यायला हरकत नाही.